रात्री दहानंतर डीजे वाजतोय? गावातल्या आवाजाचे नियम, परवानगी आणि तक्रारीची सगळी माहिती

लग्नसराई, हळदी, वाढदिवस, जयंत्या, जत्रा, गणपती, नवरात्र. गावात वर्षभर काही ना काही वाजत असतं. वाजवणाऱ्याला तो आनंद वाटतो. पण त्याच गल्लीत कुणाकडे बाळंतीण असते, कुणाच्या वडिलांचं नुकतंच बायपास झालेलं असतं, कुणाच्या मुलीचा सकाळी बारावीचा पेपर असतो. तक्रार करायची म्हटली तर समोर भावकीच उभी. म्हणून लोक कानात कापूस घालून रात्र काढतात.

बहुतेकांना नियम माहीत असतो तो एकच, 'दहापर्यंत वाजवायला परवानगी असते'. हे अर्धवट आहे. दहाच्या आधीही आवाजाला मर्यादा आहे आणि दहानंतर तर तक्रारीसाठी आवाज मोजण्याचीही गरज नाही. नियम नेमका काय सांगतो, गावातल्या माणसानं काय करायचं आणि कार्यक्रम करणाऱ्यानं काय काळजी घ्यायची, याची ही माहिती.

थोडक्यात महत्त्वाचं

• उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. तोंडी 'सांगितलंय साहेबांना' चालत नाही.
• रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर, डीजे, बेंजो, ढोल-ताशा यापैकी काहीही वाजवता येत नाही.
• परवानगी असली तरी आवाजाची मर्यादा कायम राहते.
• लग्न, हळद, वाढदिवस यांना रात्री १० नंतर सूट नाही.
• तक्रार ११२ वर करता येते. नाव जाहीर करण्याची सक्ती नाही.

कायदा कोणता? गावाला लागू आहे का?

'ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००' हे केंद्र सरकारचे नियम आहेत. ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले आहेत आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू आहेत. 'हे शहरातले कायदे, इथं कोण बघतंय' असं गावात सर्रास बोललं जातं. पण नियमात शहर आणि खेडं असा भेद नाही. महानगराला जो नियम, तोच वाडी-वस्तीला.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली त्रासदायक वाद्य किंवा आवाज बंद करायला लावण्याचे अधिकार पोलिसांना आहेत. सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय न्याय संहितेची कलमंही लागतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आली आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा याबाबतचा सर्वात महत्त्वाचा निकाल १८ जुलै २००५ चा आहे. त्यामागची घटना ऐकली की हा विषय फक्त झोपमोडीचा नाही हे कळतं. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. शेजारी मोठ्यानं गाणी लागली होती, त्यामुळे मदतीसाठी मारलेल्या तिच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. नंतर त्या मुलीनं जाळून घेतलं. ही बातमी वाचून एका इंजिनिअरनं न्यायालयात याचिका केली. त्यातूनच रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ सक्तीनं पाळण्याचे आदेश निघाले.

किती आवाज चालतो?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. नियमांमध्ये चार प्रकारचे भाग केलेले आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.

• औद्योगिक भाग: दिवसा ७५, रात्री ७०
• व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५
• निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५
• शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

गावठाणात लोक राहतात, त्यामुळे तिथं निवासी भागाचा आकडा धरायचा: दिवसा ५५, रात्री ४५. हा आकडा एखाद्या क्षणाचा नसून ठराविक वेळेतल्या आवाजाच्या सरासरीचा असतो. घरात दोघं शांतपणे बोलत असली की आवाज साधारण ५५ ते ६० च्या आसपास असतो. यावरून मर्यादा किती खाली आहे याचा अंदाज येईल.

स्पीकर लावल्यावर थोडी जास्त मुभा आहे, पण तीही ठरलेली आहे. सार्वजनिक जागेत स्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलपर्यंत जास्त किंवा ७५ डेसिबल, यातला जो आकडा कमी असेल तिथपर्यंतच चालतो. म्हणजे गावठाणातल्या चौकात दिवसा ६५. स्वतःच्या घरी, अंगणात किंवा खासगी जागेत साउंड लावला तर त्या जागेच्या हद्दीवर फक्त ५ डेसिबल जास्त चालतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ६०. 'माझ्या घरात मी काहीही वाजवीन' याला नियमात जागा नाही.

डेसिबलचं गणित साध्या बेरजेसारखं नसतं. आवाज ३ डेसिबलनं वाढला की त्याची ताकद दुप्पट होते, १० नं वाढला की दहापट, आणि २० नं वाढला की शंभरपट. त्यामुळे ६५ आणि ८५ यात 'वीसच तर जास्त आहे' असं म्हणण्यात अर्थ नाही.

कानाला धोका कुठून सुरू होतो?

कानाच्या सुरक्षेसाठी जगभर वापरला जाणारा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या बॉक्ससमोर आवाज सहज शंभरच्या पुढे जातो. तिथं दोन-तीन तास नाचणाऱ्या पोरांच्या कानात नंतर 'कुईं' असा आवाज येत राहतो, ही नुकसानाची पहिली खूण आहे. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यावर औषध नाही.

सगळ्यात जास्त त्रास आवाजापासून लांब जाऊ न शकणाऱ्यांना होतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस, तान्हं बाळ, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा रुग्ण. दावणीची गुरंही बिथरतात.

परवानगी म्हणजे नेमकं काय?

सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावण्याआधी लेखी परवानगी घ्यावी लागते. गावातल्या माणसासाठी त्याची सुरुवात आपल्या पोलीस ठाण्यातून होते. परवानगीच्या कागदावर ठिकाण, तारीख, वेळ आणि अटी लिहिलेल्या असतात. त्यात आवाजाची मर्यादा पाळण्याची अट असतेच.

इथं मोठा गैरसमज आहे. परवानगी मिळाली म्हणजे हवा तेवढा आवाज करायची सूट मिळाली असं समजलं जातं. प्रत्यक्षात तो कागद फक्त 'स्पीकर लावू शकता' एवढंच सांगतो. मर्यादा ओलांडली, वेळ ओलांडली किंवा ठरलेल्या मार्गाऐवजी मिरवणूक दुसरीकडून नेली, तर परवानगी असतानाही कारवाई होते.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हा वेगळा कागद आहे. तो मिळाला तरी पोलिसांची परवानगी लागतेच. सरपंचांनी 'हो' म्हटलं म्हणजे परवानगी झाली, असं नाही.

रात्री १० नंतर काय चालतं?

उघड्यावर काहीच नाही. नियमात फक्त स्पीकर म्हटलेलं नाही. आवाज करणारं कुठलंही साधन, वाद्य किंवा आवाज वाढवणारं यंत्र, असं म्हटलं आहे. त्यामुळे 'डीजे बंद केला, आता हलगी आणि ढोल आहे' ही पळवाट नाही. बेंजो, बँड, ढोल-ताशा सगळं त्यात येतं.

सूट आहे ती बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृह, बंद हॉल, बैठकीची खोली. तिथंही आवाज आतल्या लोकांपुरता हवा, बाहेरच्या वस्तीला त्रास होता कामा नये. कापडी मांडव किंवा मंगल कार्यालयाचं लॉन ही बंदिस्त जागा होत नाही. पूर, आग अशा संकटात लोकांना सावध करण्यासाठी मात्र रात्री कधीही भोंगा लावता येतो.

निवडणूक प्रचाराच्या गाड्यांनाही हीच वेळ आहे. रात्री १० ते सकाळी ६ प्रचाराचा स्पीकर बंद.

वर्षातले ते १५ दिवस

'त्या दिवशी तर बारापर्यंत वाजत होतं, मग आज का नाही?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर असं. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद ऑक्टोबर २००५ मध्ये मान्य केली. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. जिल्ह्यात त्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. यादीत साधारणपणे शिवजयंती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, गणेशोत्सव व नवरात्रातले काही दिवस, दिवाळी, ईद-ए-मिलाद, नाताळ, ३१ डिसेंबर असे दिवस असतात. दरवर्षी यादी वेगळी असू शकते, म्हणून त्या वर्षाचा आदेश बघायचा.

तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, ही सूट फक्त वेळेची आहे, आवाजाची नाही. दुसरी, बारानंतर कुणालाच सूट नाही. तिसरी, ही सूट सणासाठी आहे. लग्नाची वरात, हळद, बारसं, वाढदिवस, पुढाऱ्याचा सत्कार यात बसत नाहीत. गावची जत्रा किंवा उरूस असेल तर तो दिवस जिल्ह्याच्या यादीत आहे का, हे आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं.

दवाखाना आणि शाळेजवळ

दवाखाना, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथं स्पीकर, वाद्यं, फटाके, हॉर्न यांवर कडक निर्बंध असतात. पण २०१७ साली नियमात बदल झाला. आता राज्य सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलं असेल तरच तो भाग शांतता क्षेत्र धरला जातो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे म्हणून आपोआप शांतता क्षेत्र होत नाही.

म्हणून तक्रार करताना फक्त 'दवाखान्याजवळ आहे' एवढ्यावर थांबू नये. निवासी भागाची मर्यादा आणि रात्रीची बंदी तर लागू असतेच, तिचा उल्लेख आधी करावा. आरोग्य केंद्रात रुग्ण दाखल असतील तर तेही सांगावं.

देवळाचा, मशिदीचा स्पीकर

नियम सगळ्यांना सारखाच आहे. काकडा, अजान, भजन, हरिनाम सप्ताह, प्रवचन, प्रार्थना, कशालाच वेगळी सूट नाही. स्पीकरला परवानगी लागते, रात्रीची वेळ पाळावी लागते, आवाज मर्यादेत ठेवावा लागतो. पहाटे सहाच्या आधी उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. स्पीकर न लावता काकडा किंवा अजान करायला मात्र काही अडचण नाही.

दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कुठलाही धर्म सांगत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात म्हटलं. स्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्या निकालात धार्मिक स्थळांच्या स्पीकरवर टप्प्याटप्प्यानं कारवाई करायला सांगितलं आहे: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा स्पीकर जप्त आणि पुढं परवाना रद्द करण्याची प्रक्रिया.

या विषयाला गावात लगेच वेगळा रंग चढतो. म्हणून तक्रार करताना धर्माचं, जातीचं, मंडळाचं राजकारण न आणता फक्त ठिकाण, वेळ आणि आवाज एवढंच सांगावं. 'त्यांचा चालतो मग आमचा का नाही' यात दोन्हीकडचा आवाज वाढतो, कमी होत नाही.

गाड्या, फटाके आणि ट्रॅक्टरवरची गाणी

सायलेन्सरची पुंगळी काढून बुलेट फिरवणं, विनाकारण सतत हॉर्न वाजवणं यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ खाली पहिल्यांदा १,००० रुपये आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पिकअप किंवा ट्रकला सांगाडा जोडून त्यावर साउंडचे बॉक्स रचणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावं.

ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावली जातात. रात्री गावातून जाताना त्याचा त्रास होतोच, शिवाय चालकाला मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना हे जिवावर बेतू शकतं.

निवासी भागात रात्री १० नंतर हॉर्न वाजवणं, आवाजाचे फटाके फोडणं आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवणं यालाही बंदी आहे. दिवाळीसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती.

तक्रार कशी करायची?

नियमानुसार दोन प्रकारे तक्रार करता येते. एक, आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर. दोन, रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर. दुसऱ्या प्रकारात मोजमाप लागत नाही. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि उघड्यावर साउंड चालू आहे, एवढंच पुरेसं आहे. 'मशीन कुठंय मोजायला?' असं कुणी म्हणालं तर रात्री दहानंतर तो प्रश्न येतच नाही, हे सांगता येतं.

१. ११२ वर फोन करा. गाव, वस्ती किंवा चौकाचं नाव, जवळची खूण, काय वाजतंय आणि किती वेळापासून, हे थोडक्यात सांगा. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

२. पोलीस पाटलांना कळवा. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातली माहिती पोलिसांना देणं हे त्यांचं कामच आहे. स्वतः फोन करणं अवघड वाटत असेल तर हा मार्ग सोपा.

३. पुरावा ठेवा. आपल्या घरातून किंवा दारातून छोटा व्हिडिओ काढा, त्यात आवाज आणि वेळ आली पाहिजे. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अॅप अंदाजासाठी ठीक आहे, पण कारवाईसाठी पोलिसांच्या प्रमाणित यंत्राची नोंदच धरली जाते.

४. वारंवार होत असेल तर लेखी अर्ज द्या. आधी पोलीस ठाण्यात, दाद मिळाली नाही तर उपविभागीय पोलीस अधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे. अर्जात तारखा, वेळा आणि ११२ ला केलेले फोन लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

५. स्वतः जाऊन वायर काढणं, जनरेटर बंद करणं, भांडण करणं टाळा. दारू प्यायलेल्या घोळक्यासमोर एकट्यानं जाऊ नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावं घेऊन टाकलेला मेसेज पुढं तक्रारदारावरच उलटू शकतो.

नाव कळलं तर?

गावात खरी अडचण इथंच आहे. कायदा माहीत असूनही लोक फोन करत नाहीत, कारण सकाळी पारावर सगळ्यांना नाव कळलेलं असतं. यावर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ आणि २०२५ अशा दोन्ही निकालांत स्पष्ट भूमिका घेतली आहे. आवाजाच्या तक्रारीवर कारवाई करताना पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसू नये आणि त्याचं नाव समोरच्याला सांगू नये. फोनवर 'माझं नाव उघड करू नका' असं बिनधास्त सांगता येतं.

तक्रार केली म्हणून समाजानं कुणाला वाळीत टाकलं, लग्नकार्याला बोलावणं बंद केलं, दुकानातून माल देऊ नका असं सांगितलं, तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

एकट्यानं पुढं यायचं नसेल तर गल्लीतल्या पाच-दहा घरांनी मिळून अर्ज द्यावा. सह्या जास्त असल्या की एका घरावर राग निघत नाही आणि अधिकाऱ्यालाही त्रास किती जणांना होतोय ते दिसतं.

शिक्षा काय?

• पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. १ एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला आहे. तो दंड ठरवणारा अधिकारी वेगळा असतो, जागेवर पावती फाडून विषय संपत नाही.
• सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड.
• अधिकाऱ्यानं बंद करण्याचा आदेश दिल्यावरही चालूच ठेवलं तर कलम २९३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• साउंडचं सामान पंचनामा करून जप्त होऊ शकतं. कर्ज काढून सेट घेतलेल्या मालकाला हाच सगळ्यात मोठा फटका असतो.

कारवाई फक्त डीजेवाल्यावर होते असं नाही. ज्याच्या नावावर परवानगी आहे तो आयोजक आणि मंडळाचे पदाधिकारीही जबाबदार धरले जातात. पोरांवर गुन्हा नोंदला गेला तर पुढं पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. भरतीसाठी रोज पहाटे पळणाऱ्या पोरांनी एका रात्रीच्या मिरवणुकीसाठी हा धोका घ्यावा का, याचा विचार घरच्यांनीही करावा.

गिरणी, वर्कशॉप, क्रशरचा रोजचा त्रास

एका रात्रीचा डीजे वेगळा आणि रोजचा आवाज वेगळा. वस्तीत चालणारी पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, लाकूड कापायची मशीन, खडी क्रशर यांचा त्रास कायमचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा आणणारा व्यवसाय बंद करणं, हलवणं किंवा त्यावर बंधन घालणं असा आदेश ते देऊ शकतात. समोरच्याला बाजू मांडायची संधी मिळते. क्रशर किंवा कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तक्रार द्यावी.

पण आधी बोलून बघावं. गिरणीची वेळ बदलणं, मशीनखाली रबर बसवणं, मागची भिंत बंद करणं यानं अनेकदा प्रश्न सुटतो. शेजाऱ्याचं पोट त्या धंद्यावर असतं आणि राहायचं दोघांनाही तिथंच असतं.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी

• परवानगीचा अर्ज आठ-दहा दिवस आधीच द्या. परवानगीची प्रत कार्यक्रमाच्या ठिकाणी ठेवा.
• साउंडवाल्याशी व्यवहार ठरवतानाच वेळ आणि आवाजाची मर्यादा लिहून घ्या. 'जास्त बॉक्स म्हणजे जास्त मान' या नादात भाडंही वाढतं आणि धोकाही.
• बॉक्सचं तोंड घरांकडे नको, मांडवाच्या आत करा. एका जागी दोन मोठे लावण्याऐवजी लहान स्पीकर जागोजागी लावले तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येतं.
• हळद आणि वरात वेळेत सुरू करा. साडेनऊला निघालेली वरात दहाला पोहोचत नाही, आणि मग भांडण होतं ते पोलिसांशी.
• पावणेदहाला आवाज उतरवायला सुरुवात करा, दहाला पूर्ण बंद. बंद करायची जबाबदारी कुठल्या एका माणसाची, ते आधीच ठरवा.
• गल्लीत आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेची मुलं आहेत का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

ग्रामसभा काय करू शकते?

कायद्यानं दिलेली मर्यादा ग्रामसभेला सैल करता येत नाही. पण गावानं ठरवून ती नीट पाळायची व्यवस्था मात्र करता येते. मिरवणुकीचा मार्ग, दर मंडळाला वेळ, परीक्षेच्या महिन्यात वस्तीत साउंड न लावणं, आरोग्य केंद्रासमोर वाद्य थांबवून पुढं जाणं, असे ठराव करता येतात. ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला दिली तर परवानगी देताना त्याच अटी घालायला सोपं जातं.

गावानं मिळून ठरवलं की काय होतं याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा, तो टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवून मुलांना अभ्यासाला बसवण्यासाठी. भोंगा कशासाठी आणि किती वेळ वाजवायचा, हे गावानं एकत्र बसून ठरवलं होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवसा डीजे कितीही मोठ्यानं लावता येतो का?
नाही. गावठाणात दिवसाची मर्यादा ५५ आहे, सार्वजनिक जागेत स्पीकर असेल तर हद्दीवर ६५.

शेतातल्या घरी लग्न आहे, जवळ वस्ती नाही. तरी नियम लागतो का?
लागतो. रात्री १० ची वेळ सगळीकडे सारखी आहे. रानात आवाज लांबपर्यंत जातो.

आमचं लग्न आहे, एक दिवस बारापर्यंत परवानगी मिळेल का?
नाही. १५ दिवसांची सूट सणांसाठी आहे, घरगुती कार्यासाठी नाही.

तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा रात्रभर चालतो, ते कसं?
उघड्यावर असेल तर त्यालाही १० ची मर्यादा आहे, यादीतल्या दिवशी १२ ची. जत्रेतला तमाशा म्हणून वेगळा नियम नाही.

पोलीस येऊन गेले आणि परत चालू झालं, तर?
परत ११२ ला फोन करा आणि आधी तक्रार केल्याचं सांगा. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा लिहून लेखी अर्ज द्या. समज देऊनही चालू ठेवणाऱ्यावर पुढची कारवाई करायला हाच अर्ज उपयोगी पडतो.